नाव घेतल्याशिवाय औषध नाही

परवा एका साखरपुड्यात एक अनोळखी बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. मी जुनी नर्स, खाडीकाठच्या त्या धर्मादाय इस्पितळात होते, हे कळल्यावर खुदकन हसल्या. "म्हणजे त्या उखाणेवाल्या सिस्टरच्या हाताखाली का तुम्ही? आमच्या सासूबाई फार मजेदार किस्से सांगायच्या त्यांचे." मी "हो" म्हटलं आणि गप्प बसले. कार्य दुसऱ्याचं होतं आणि माझी जीभ मला ठाऊक आहे. पेढा मात्र तसाच ताटलीत ठेवला.

मजेदार म्हणे! एकाचं औषध दुसऱ्याच्या पोटात जाऊ नये म्हणून ज्या बाईनं जिवाचं रान केलं, तिची आठवण काय, तर उखाणेवाली. गावाला ही खोडच असते. माणूस सगळा टाकून द्यायचा आणि त्यातला हसण्यापुरता तुकडा तेवढा जपून ठेवायचा. त्या बाईंना कुणी हसलेलं मला चालत नाही. हवं तर शिव्या घाला, मीही पुष्कळ घातल्यात. पण हसायचं नाही.

शिव्या घातल्या, कारण त्यांच्या हाताखाली काम करणं म्हणजे छळ होता. स्वराज्य येऊन फार वर्षं झाली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा, आताचा रायगड. इस्पितळ म्हणजे एक लांबट कौलारू इमारत, मधे ओसरी, एका अंगाला बायकांचा वॉर्ड, दुसऱ्या अंगाला पुरुषांचा आणि मागे चादरी-कांबळ्यांचं भांडार. वीज नाही. रोगी यायचे ते मचव्यातून, बैलगाडीतून, नाहीतर झोळीत घालून खांद्यावरून. भाताच्या गावांतले, मिठागरांतले, कोळीवाड्यातले. एक डॉक्टर, एक कंपाउंडर, आम्ही दोघीतिघी नर्स आणि आमच्या डोक्यावर सिस्टरबाई.

उंच, हाडकुळ्या. पांढरं पातळ इतकं कडक की चालताना त्याचा आवाज यायचा. पातळाखाली पुरुषी कॅनव्हासचे बूट. जेवायच्या त्या उभ्यानं, खिडकीच्या कठड्यावर डबा ठेवून, आणि जेवतानाही नजर वॉर्डात. गोड कधी बोलल्या नाहीत. मुलगा झाला म्हणून कुणी पेढे आणले तर विचारायच्या, "बाळाला मध तर चाटवला नाहीत ना? आधी ते सांगा." पेढे देणाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं.

औषध मोजताना त्या बोलत नसत आणि दुसरं कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. बाटली उचलली की लेबल मोठ्यानं वाचायचं, ओतायच्या आधी वाचायचं, फळीवर परत ठेवताना पुन्हा वाचायचं. एकदा डॉक्टर मधेच "सिस्टर, जरा," असं म्हणत आले. बाईंनी डावा हात वर केला. डॉक्टर जागच्या जागी थांबले. बाईंनी मोजलेलं औषध मोरीत ओतलं. "तुम्ही बोललात. आता माझी खात्री नाही," म्हणाल्या आणि पहिल्यापासून मोजायला लागल्या. डॉक्टर मनानं वाईट नव्हते, पण त्या दिवशी त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. मी नवी असताना म्हटलं होतं, "बाई, रोजचीच बाटली आहे, लेबल मला पाठ आहे." त्यांनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली. "पाठ आहे ना, मग तू वाचणारच नाहीस. जा, बेडपॅन धू." कितीतरी दिवस मग मी बेडपॅनच धूत होते. रडायचे, आणि धुवायचे.

चमच्यांवर तर त्यांचा दात होता. मिक्श्चरच्या बाटलीला तेव्हा कात्रीनं खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवत, एक खाच म्हणजे एक डोस. पण आमच्याकडच्या माणसांना पट्टीपेक्षा चमचा जवळचा. बाईंनी फर्मान काढलं, औषध न्यायला येताना घरचा चमचा आणायचा. आणलेला चमचा त्या पाण्यानं भरून सगळ्यांदेखत मापाच्या ग्लासात ओतत. एका घरचा चमचा म्हणजे दुसऱ्या घरची पळी. "या चमच्यानं पोराला औषध दिलंस तर पोर उठायचं नाही," असं तोंडावर सांगून चमचा जप्त. किहीमकडच्या एका बागाईतदाराच्या सुनेचा चांदीचा चमचा त्यांनी असाच काढून घेतला, तर सिस्टर चांदीच्या चमच्यांवर टपलेली असते, अशी बोंब झाली. बाईंनी तो चमचा दाराच्या चौकटीला दोऱ्यानं टांगून ठेवला. ज्याचा असेल त्यानं न्यावा, पण औषधाला वापरू नये. न्यायला कोण येणार! आणि सुईचं तर विचारूच नका. सुई म्हणजे लोकांना प्रसाद. शेजारच्याला टोचली आणि आपल्याला नाही, म्हणजे डॉक्टरनं डावं-उजवं केलं, अशी भांडणं व्हायची.

तर त्या नावाचं. आमच्याकडच्या गरीब माणसाला पांढऱ्या कपड्यातल्या कुणीही काहीही विचारलं की तो "व्हय" म्हणतो. नाही म्हणायची छातीच होत नाही त्याची. बाईंनी हे मला एकदा करून दाखवलं. खाटेवरच्या म्हाताऱ्याला विचारलं, "तुम्ही धर्मा ना?"

"व्हय बाय."

"की पांडू?"

"व्हय बाय, व्हय."

बाई माझ्याकडे वळल्या. "आता दे याला औषध. कुणाचं देतेस?"

म्हणून नियम असा, की नाव आपण सांगायचं नाही, रोग्यानं सांगायचं. रोगी तापात असेल, बरळत असेल, तर त्याच्याजवळच्या माणसानं. आणि पुरुषांच्या वॉर्डात जवळचं माणूस म्हणजे बायको. तिथेच घोडं अडलं.

आजच्या मुली नवऱ्याला भर बाजारात नावानं हाक मारतात. माझी सून तर अर्ध्याच नावानं मारते. तेव्हा तसं नव्हतं हो. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, ही पक्की समजूत, आणि इस्पितळात आणलेल्या नवऱ्याच्या आयुष्याशी कोण खेळणार! एका कोळ्याचा हात माशाचा काटा लागून मांडीएवढा सुजला होता. तो तापानं भ्रमात. बाई औषधाचा ग्लास घेऊन उभ्या आणि त्याची बायको तोंडाला पदर लावून.

"नाव सांग."

"पाच पांडवांतला थोरला, बाय."

"मला पुराण नको. उद्या शेजारच्या खाटेवर भीम येऊन निजला तर? नाव सांग."

"पाप लागंल, बाय."

माणूस कण्हत होता. माझ्यानं बघवेना. मी म्हटलं, "बाई, द्या ना आता. दिसतंय की कुणाची बायको आहे ती." बाई म्हणाल्या, "कण्हतोय म्हणजे जिवंत आहे. थांब." गळा धरावासा वाटला मला त्यांचा. खोटं कशाला सांगू? असला कसला नियम, ज्याच्यापुढे माणसाचं दुखणंही दिसत नाही? शेवटी पलीकडच्या खाटेजवळची एक म्हातारी करवादली, "अगं बाय, उखाण्यात तरी घेऊ दे तिला! उखाण्यात पाप न्हाय." बाईंनी क्षणभर विचार केला. "घे. पण लवकर."

तिनं डोळे मिटले आणि म्हटलं:

"भरतीच्या पाण्यावर होडी खाते हेलकावे,
धर्माजीला दुखतंय भारी, औषध लवकर द्यावे."

बाईंनी ग्लास त्याच्या तोंडाला लावला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग मात्र ते रूढच झालं. औषधाची वेळ झाली की बायका पदर सारखे करून खाटेशी उभ्या. कुणी पाठ करून यायच्या, कुणी जागच्या जागी रचायच्या, कुणाचा चांगला झाला की बाकीच्या "पुन्हा घे" म्हणायच्या. पुरुष लाजून कांबळं डोक्यावरून ओढायचे. डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले, "इस्पितळ आहे की मंगळागौर?" बाई म्हणाल्या, "मंगळागौरीत चूक झाली तर कुणी मरत नाही."

लोकांनी कहाण्या रचल्या. म्हणे बाईंचा नवरा चुकीच्या औषधानं गेला. म्हणे त्यांनीच कुणालातरी मारलं होतं, त्याचं हे प्रायश्चित्त. मला या कहाण्यांची चीड येते. कारण लागतंच का? स्वयंपाकात मीठ बघून घालणाऱ्या बाईला कुणी विचारतं का, तुझ्या आयुष्यात काय दुःख घडलं म्हणून? एकाचं औषध दुसऱ्याला देऊ नये, एवढी साधी गोष्ट, पण ती मनापासून करणारी बाई म्हणजे तिच्या डोक्यात काहीतरी बिघाड असलाच पाहिजे!

पुढे इस्पितळाच्या ट्रस्टचे अध्यक्ष स्वतःच आजारी पडले. सुपारीच्या मोठ्या बागा, कोर्टकचेऱ्यांत नाव, गावात शब्द मोडायची कुणाची टाप नाही. त्यांना फुप्फुसाचा ताप आला आणि स्वतंत्र खोलीत ठेवलं. बाई सुई घेऊन गेल्या. अध्यक्ष ग्लानीत होते. बाईंनी त्यांच्या पत्नीला विचारलं, "नाव?"

मी ट्रे धरून मागे उभी. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. स्वतंत्र खोलीत एकच माणूस, आणि त्याला सारा गाव ओळखतो, तिथे नाव कसलं विचारायचं! पण अध्यक्षांच्या पत्नी, वहिनी म्हणायचे सगळे त्यांना, त्या रागावल्या नाहीत. उलट त्यांचे डोळे चमकले. जन्मभर ओसरीच्या आत राहिलेली बाई ती. खाकरल्या आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"गावात यांचा दरारा, कोर्टात यांची ख्याती,
विनायकरावांना सुईची मात्र भारी वाटते भीती."

अध्यक्षांचं खरं नाव मी बदललंय, बाकी सगळं जसंच्या तसं. ओसरीवर बसलेले यच्चयावत लोक हसले. कोळणी तर टाळ्या पिटून हसल्या. मीही हसले. वहिनीही तोंडावर पदर धरून पोट दुखेपर्यंत हसल्या. आणि अध्यक्षांनी डोळे उघडले. ग्लानी गेली होती त्यांची.

बरे होऊन घरी गेले ते, याच बाईंच्या हातच्या सुयांनी. आणि पहिल्याच बैठकीत ठराव केला. इस्पितळात कुलीन स्त्रियांची चेष्टा होते, त्यांना परपुरुषांदेखत पतीचं नाव घ्यायला लावलं जातं, सबब ही प्रथा बंद. बघा! अब्रू गेली ती यांची, आणि ढाल कुणाची, तर बायकांची. एका बाईला तरी विचारलं का, तुझी चेष्टा झाली का म्हणून? वहिनी त्यानंतर बाहेर फारशा दिसल्याच नाहीत.

नवी पद्धत आली. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी भिंतीवर तेलरंगानं आकडा. औषध आकड्याप्रमाणे. बाई बैठकीत घुसल्या, बूट वाजवत. "औषध खाटेला द्यायचं की माणसाला?" त्यांनी विचारलं. "खाटेला ताप येत नाही, अध्यक्षसाहेब. आणि आमची माणसं दिल्या जागेवर राहत नाहीत. गावचा माणूस दिसला की त्याच्या शेजारी जाऊन निजतात." कुणीतरी हसलं. बाई तरीही वॉर्डात नावं विचारतच राहिल्या, तेव्हा त्यांना भांडारावर नेमलं. चादरी द्यायच्या, चादरी घ्यायच्या. पुरुषांच्या वॉर्डातली औषधं आणि सुया कंपाउंडरकडे गेल्या. कंपाउंडर अध्यक्षांचा भाचा. हे वेगळं सांगायला नकोच. मला बायकांच्या वॉर्डात टाकलं.

आणि मग गोमा आला. मिठागरातला माणूस, तिशीचा असेल, मीठ ओढून ओढून पायांच्या भेगा पांढऱ्या पडलेल्या. त्यालाही फुप्फुसाचा ताप. पेनिसिलिन चालू होतं आणि उतार पडत होता. त्याची बायको सोनी खाटेशी जमिनीवर बसून असायची, फार तर विशीची, कुणाशी न बोलणारी. समोरच्या रांगेत एक सुपारीचा व्यापारी होता. त्याला साखरेचं दुखणं, सकाळी जेवणाआधी इन्सुलिनची सुई लागायची.

या व्यापाऱ्याला एके संध्याकाळी कुणीतरी सांगितलं, की तुमच्या खाटेवर पाय दक्षिणेकडे होतात. झालं! दक्षिण म्हणजे यमाची दिशा. त्यानं समोर पाहिलं. समोरच्या रांगेतल्या माणसांचे पाय उत्तरेकडे. आणि त्यांत बरोब्बर समोर कोण, तर गोमा. "अरे गोमा, तू तरणाबांड आहेस, तुला काय होतंय? ये इकडे." गोमा उठला. व्यापारी माणूस सांगतोय म्हटल्यावर त्याला दुसरं सुचणार काय? "व्हय शेट" म्हणाला आणि आपलं कांबळं काखेत मारून यमाच्या दिशेला पाय करून निजला. अख्ख्या वॉर्डानं हे पाहिलं. चेष्टामस्करीही झाली. भिंतीवरचे आकडे मात्र भिंतीवरच राहिले.

सकाळी कंपाउंडर आला. आकडा पाहिला, गोमाचा दंड धरला आणि इन्सुलिन टोचून मोकळा झाला. सोनी हळूच म्हणाली, "यांची सुई सांजंला असते ना?" तो म्हणाला, "तू शिकव मला आता." गोमानं काही विचारलं नाही, एक सुई जास्त मिळाली तर बरंच म्हणणारा माणूस. आणि तो व्यापारी! समोर बसून बघत होता. रोजची सुई आज आपल्याला चुकली, हे त्याला कळत नव्हतं? पण आयती टळतेय तर कशाला बोला, म्हणून हा मूग गिळून बसला. त्याचा तो गोल, तुकतुकीत चेहरा आठवला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

गोमाच्या पोटात तापामुळे अन्नाचा कण नव्हता. त्याला घाम फुटला. आणि आमच्याकडे तापकऱ्याला घाम फुटला की काय म्हणतात? ताप उतरला! सगळे खूश. कंपाउंडर सोनीला म्हणाला, "बघ, उतरला की नाही ताप? निजू दे त्याला, उठवू नकोस." तो काहीबाही बरळला, तेही लोकांना अशक्तपणाचंच वाटलं. मग तो शांत निजला. सोनी त्याचा घाम पुसत बसली. अंगाखालची चादर ओली झाली म्हणून भांडारावर गेली आणि दुसरी मागून आणली. ती भिजली, पुन्हा गेली.

त्या खेपेला बाईंनी चादर दिली नाही. "पुन्हा? कुणाला एवढा घाम येतोय?" सोनी म्हणाली, "घरच्यांना. ताप उतरला त्यांचा. निजलेत सकाळधरनं." बाईंनी विचारलं, "अंग गरम की गार?" "गार हाय, बाय. मासळीवानी." बाई भांडार उघडं टाकून धावल्या. त्यांना धावताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, म्हणून मीही मागे धावले.

वॉर्डात शिरल्या. एकदा भिंतीवरचा आकडा पाहिला, एकदा गोमा पाहिला, एकदा समोर पाय उत्तरेला करून भात कालवत बसलेला व्यापारी पाहिला. त्यांना विचारायची गरजच पडली नाही. "साखर!" ओरडल्या माझ्यावर. "डॉक्टरांना बोलाव, ग्लुकोज काढ!" मी पळत सुटले. परत आले तेव्हा त्या गोमाच्या छातीवर मुठी घासत होत्या आणि सोनीला म्हणत होत्या, "हाक मार त्याला! नावानं मार!"

सोनी बाईंकडे बघतच राहिली.

"अगं, बघतेस काय? मार!"

आणि तिनं मारली. "गोमा!" एवढासा आवाज, तुटलेला. मग मोठा. "गोमा! ओ गोमा!" उखाणा नाही, काही नाही, नुसतं नाव. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं, पुन्हा दिलं. पुष्कळ वेळानं गोमानं डोळे उघडले. सोनी रडत हसली. मीही हसले. बाई हसल्या नाहीत. त्या त्याच्या डोळ्यांत बघत होत्या, आणि ते डोळे कुणाकडेच बघत नव्हते.

मेंदूला साखर इतका वेळ मिळाली नाही की असंच होतं. माणूस उठतो, जेवतो, चालतो. पण आत कुणी राहिलेलं नसतं.

सोनीला सांगितलं गेलं की ताप मेंदूत गेला. डॉक्टरांनीच सांगितलं, मान खाली घालून. ट्रस्टची बैठक झाली. निर्णय काय, तर रोग्यानं परवानगीशिवाय खाट बदलली! सगळं खापर त्या गोमाच्या डोक्यावर, जे डोकं आधीच गेलेलं. खाटा बदलू नयेत, अशी पाटी लागली. जी माणसं तिथे यायची त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं. पाटी कुणासाठी, ते तुम्हीच ठरवा.

बाईंना बोलावून अध्यक्ष अगदी गोडीत आले. "सिस्टर, झालं गेलं गंगेला मिळालं. तुम्ही पुन्हा वॉर्ड सांभाळा. नावं विचारायची तर विचारा, आमची हरकत नाही. फक्त हे ताप मेंदूत जाण्याचं जे आहे, त्याला फाटे फोडू नका." म्हणजे नियम परत मिळत होता, वॉर्ड मिळत होता, राहती खोली टिकत होती. तोंड तेवढं बंद ठेवायचं. मी त्या संध्याकाळी बाईंशी भांडले. म्हटलं, "कबूल करा. गोमा तर काही परत येत नाही. पुढचे तरी वाचतील." त्या बुटाची नाडी बांधत होत्या. म्हणाल्या, "आणि ती पोर? ती जन्मभर समजणार, की नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून त्याचं असं झालं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोमाला घरी न्यायला माणसं आली. अध्यक्ष दयाळूपणा दाखवायला स्वतः ओसरीवर हजर. सोनीला धीर देत होते. बाई सरळ तिच्यापुढे गेल्या आणि इतक्या मोठ्यानं बोलल्या की बंदरावर ऐकू जावं. "ताप मेंदूत गेला नाही. तुझ्या नवऱ्याला दुसऱ्याची सुई टोचली. इथल्या माणसानं. तू नाव घेतलंस ते त्यानंतर, आणि घेतलंस म्हणून तो जिवंत तरी आहे. ऐकलंस? पुन्हा सांगू?" आणि पुन्हा सांगितलं, शब्दन्‌शब्द, लेबल वाचल्यासारखं. अध्यक्ष पांढरेफटक. "सिस्टर, तुमचं काम संपलं इथलं," एवढंच म्हणाले.

कंपाउंडरला काही झालं नाही. त्यानं पुढे बाजारात स्वतःचं औषधांचं दुकान थाटलं आणि लोक त्याला डॉक्टर म्हणायला लागले. व्यापारी बरा होऊन गेला आणि त्यानं इस्पितळाला एक घड्याळ भेट दिलं. आणि बाई? बाई गावात हसण्यावारी गेल्या. उखाणेवाली सिस्टर! सोनीला जे सांगितलं ते सगळं ऐकलेली माणसं ओसरीवर होती हो. त्यांना ते आठवत नाही. त्यांना वहिनींचा उखाणा आठवतो.

मी ते इस्पितळ सोडलं आणि दुसरीकडे नोकरी धरली. बाईंनी मिठागरांच्या वाटेवरच्या एका वस्तीत भाड्याची पडवी घेतली. बायकांची बाळंतपणं करायच्या, चमचे जप्त करायच्या. सुट्टीला मी एकदा त्यांना भेटायला गेले, तर म्हणाल्या, "चल, गोमाकडे जायचंय." जाताना वाटेत माझी नर्सिंगची उजळणी घेतली, मी चुकले तेव्हा "अजून तशीच आहेस" म्हणाल्या.

उन्हाळ्याचे दिवस. मिठाचे ढीग डोळ्यांत खुपत होते. सोनी बायकांबरोबर मीठ ओढत होती. ती आता विशीची वाटत नव्हती. गोमा बांधावर बसलेला, स्वच्छ न्हाऊमाखू घातलेला, केस विंचरलेले. बाई त्याच्यापाशी बसल्या, त्याचा हात धरून नाडी बघायला लागल्या. त्यानं हात दिला, कुणालाही दिला असता तसा. मग उठला आणि खाडीच्या बाजूला चालायला लागला.

"गोमा!" सोनीनं हाक मारली. "ओ गोमा! तिकडं नको जाऊ! गोमा!" बाकीच्या बायकांनी वरसुद्धा बघितलं नाही, इतकं ते रोजचं झालेलं. तो चालतच राहिला. सोनी फावडं टाकून पळाली, त्याला दंडाला धरून परत आणलं, बसवलं. धापा टाकत माझ्याकडे बघून ओशाळं हसली.

"लगीन झाल्यापास्नं कंदी त्यांचं नाव घेतलं नव्हतं, बाय," ती म्हणाली. "आता दिसभर घेतंय. वळूनसुदीक बगत न्हाईत."